पेट्रोलातलं तेल आणि मिस्त्रीची तहान

मागच्या पावसाळ्यात फुलचूरला आमच्या शेजारी राहायला आलेल्या डॉक्टरांनी गवत कापायचं एक लहान यंत्र आणलं. रविवारी सकाळी ते अंगणात ठेवून त्यांनी कुंपणावरून मला हाक मारली. "काका, तुम्ही इंजिनवाले ना? याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं की नाही, सांगा बरं."

प्रश्न साधा होता. पंपावर पेट्रोल भरणारा माणूसही त्याचं उत्तर देईल. मी मात्र कुंपणाचा बांबू धरून उभा राहिलो. "आधी उघडून बघू," एवढंच म्हणालो. डॉक्टर हसले. म्हातारा वेळ काढतो आहे असं त्यांना वाटलं असावं.

हाच प्रश्न मला पूर्वी दोनदा विचारला गेला होता. पहिल्यांदा मी चुकीचं उत्तर दिलं आणि दुसऱ्यांदा अगदी बरोबर. चुकीच्या उत्तरानं एक इंजिन गेलं. बरोबर उत्तरानं एका माणसाचं नाव गेलं. त्याचं नाव देवाजी. तो आमगावकडचा. दिवाळी अंकासाठी मिस्त्रीकामाच्या आठवणी लिहा असं संपादकांनी सुचवलं तेव्हा पुष्कळ गमतीजमती डोळ्यांपुढे आल्या. पण देवाजीला बाजूला ठेवून त्या सांगणं मला जमलं नाही.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि आमच्या प्रांताची राजधानी नागपूरला. स्टेशनामागे माझी पत्र्याची शेड होती. सकाळी धानाच्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक वाजत, छोट्या लाइनीचं इंजिन शिट्टी देत बालाघाटकडे निघे आणि वारा फिरला की भुशाच्या राखेचा पातळ थर माझ्या पान्यांवर बसे. दुपारी विडीपत्त्याच्या गोदामातून सुकलेल्या पानांचा वास येई. आज डोळे मिटले तरी हे सगळं येतं, आणि त्याबरोबर जळक्या तेलाचा निळा धूरही येतो.

माझं शिक्षण म्हणजे लढाईच्या काळातली नोकरी. गावाबाहेर हवाई पट्टी झाली तेव्हा मी तिथं हमाल म्हणून लागलो आणि बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या छोट्या इंजिनांजवळ जाऊन चिकटलो. ती सगळी टू-स्ट्रोक. साहेब लोक गेले, पट्टीवर गवत माजलं आणि मी गोंदियाचा इंजिन मिस्त्री झालो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात लोखंडावर लोखंड घासतं. मध्ये तेल नसेल तर ते तापतं आणि एकमेकांना धरून बसतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आधी इंजिनाच्या पोटात शिरतं, मग वर जाऊन जळतं. म्हणून तेल त्या पेट्रोलातच मिसळायचं. जाता जाता ते सगळ्यांना तेल लावत जातं. फोर-स्ट्रोकची गोष्ट निराळी. त्यात पेट्रोल वरच्या वर येतं आणि वरच्या वर जळतं, पोटात उतरतच नाही. पोटात तेलाचं वेगळं चेंबर असतं. आतल्या दांड्याला खाली एक पळी असते, ती फिरताना तेल उडवते आणि सगळ्यांना न्हाऊ घालते. अशा इंजिनाच्या पेट्रोलात तेल टाकलं तर ते लगेच मरत नाही. निळा धूर सोडतं, प्लग काळा करतं, कुरकुरत चालतं. खरा धोका वेगळाच आहे. वरून तेल दिलं म्हणजे झालं असं माणसाला वाटतं आणि खालचं चेंबर तो विसरतो.

तेलाच्या बाबतीत लोक काय काय करत! एका मालगुजारांची मोटारसायकल बैलगाडीत घालून आली होती. पिस्टन असा बसलेला की जणू कुणी सरस ओतला आहे. आत वार्निशासारखा पिवळा थर. विचारलं तर म्हणाले, "इंजिनाचं तेल मिळालं नाही, मग घरचं टाकलं. जवसाचं आहे, घाणीवरचं. त्यात काडीची भेसळ नाही." भेसळ नव्हती हीच अडचण होती. जवसाचं तेल गरम होऊन सुकलं की दाराला लावायच्या रंगासारखं घट्ट होतं. मी ही गोष्ट गावभर सांगून लोकांना हसवायचो. तेव्हा मी फार हसायचो.

आता देवाजी.

आमच्याकडच्या एका गिरणीमालक शेठजींनी मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान विकत घेतलं. त्यात गवत कापायचं यंत्र होतं. पुढे पात्यांचा गोल पिंजरा, मागे जड रूळ आणि वर हिरवं इंजिन. शेठजींच्या बंगल्यापुढे दूब, म्हणजे हरळी लावलेलं मोठं अंगण होतं आणि देवाजी तिथं माळी होता. माझ्यापेक्षा वयानं मोठा, उंच, कानावर नेहमी अर्धी विडी. यंत्र येईपर्यंत तो ते अंगण बसून, विळ्यानं कापत असे.

मला बोलावलं त्या दिवशी शेठजी गिरणीवर होते. यंत्राभोवती रस्त्यावरचे लोक जमले होते. देवाजीनं विचारलं, "मिस्त्री, ह्याले खायला काय लागते? नुसतं पेट्रोल का त्याच्यात तेल?"

उघडून बघायला हवं होतं. पण लोक बघत होते, आणि माझ्या हाताखालून तोवर गेलेलं प्रत्येक लहान इंजिन टू-स्ट्रोक होतं. मी वरून हात फिरवला आणि म्हणालो, "पेट्रोलात तेल मिसळायचं." शेठजींच्या एका रिकाम्या बाटलीवर खूण करून मापही ठरवून दिलं.

"खालती कुठी नाई टाकाचं?"

"खाली कशाला? तेच सगळीकडं जातं."

दोरी ओढली. साहेबानं चेंबरात तेल भरलेलं असणार, कारण इंजिन चटकन लागलं आणि न तापता चालत राहिलं. पिंजरा फिरला, गवत कारंज्यासारखं उडालं आणि लोकांनी ओरडा केला. देवाजी यंत्रामागून धावत सुटला. रुळामागे गवताचा फिका आणि गडद पट्टा उमटत गेला. वर निळा धूर. संध्याकाळी शेठाणी ओसरीवरून म्हणाली, "धुआँ अच्छा है, मच्छर भागते हैं."

देवाजी ज्याला त्याला सांगू लागला, "आमचा मिस्त्री डॉक्टर हाये. नाडी पाहून सांगते, उघडाले बी लागत नाई." माझ्या शेडीवर नवीन गिऱ्हाइकं आली ती यामुळेच. मला ते फार आवडलं.

प्लग मात्र वारंवार काळा व्हायचा. मी जाऊन घासून द्यायचो. पुढच्या पावसाळ्यात एकदा यंत्र लागेना म्हणून बाजूचा एक हिरवा पत्रा खोलला. तोवर मला वाटत होतं की ते नुसतं झाकण आहे. मागे दोन स्प्रिंगा होत्या आणि त्यांत दोन वॉल्व्ह. एक वॉल्व्ह काजळीनं अडकला होता.

मोटारींची इंजिनं मी बघितलेली होती. या स्प्रिंगांचा अर्थ मला त्याच क्षणी कळला. हे फोर-स्ट्रोक होतं. खाली कडेला जो बोल्ट मी कधी फिरवला नव्हता, तो चेंबरचा होता.

देवाजी शेजारीच उकिडवा बसला होता. मी नुसतं म्हणायचं होतं, "देवाजी, माझं चुकलं. तेल इथं घालायचं." पण आमचा डॉक्टर असं म्हणणारा तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "देवाजी, पाणी आण बाबा. तहान लागली."

तो विहिरीकडे गेला. मी बोल्ट काढला, चेंबर तेलानं भरलं आणि बोल्ट परत बसवला. तो लोटा घेऊन आला तेव्हा मी हात पुसत होतो.

मग हीच रीत पडली. देवाजी सांगितल्याप्रमाणे पेट्रोलात तेल मिसळायचा. मी अधूनमधून जायचो, त्याला पाण्याला पाठवायचो आणि चेंबर भरून टाकायचो. "मिस्त्री, तुमाले लय तहान लागते जी," तो हसून म्हणायचा. पुढे पुढे मी न मागताच तो लोटा आणायला निघायचा. यात कुणाचं नुकसान नाही असं मी स्वतःला समजावलं होतं. यंत्र चालतं आहे, शेठजी खूश आहेत, देवाजी खूश आहे, आणि मच्छरही पळत आहेत.

त्यानंतरच्या एका भादव्यात मला हिवताप धरला. तेव्हा आमच्याकडे हे घरोघर होतं. थंडी वाजून ताप चढे, उतरे, परत चढे. कितीतरी आठवडे शेडीला कुलूप होतं. त्या वर्षी पाऊस लांबला आणि दूब जोरात वाढली. दिवाळीनंतर शेठजींच्या मुलीचा साखरपुडा त्याच अंगणात व्हायचा होता, म्हणून देवाजी यंत्र रोज चालवत होता.

एका दुपारी तो मला बघायला आला. धोतराच्या सोग्यात सीताफळं बांधून आणली होती. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, जरा पिकू द्या, मंग द्या." मग खाटेजवळ बसला.

"मिस्त्री, मशीन लय तापून राहिली. खडखड बी करून राहिली."

अंगात ताप होता, पण डोकं शाबूत होतं. खडखड म्हणजे काय ते मला ऐकताक्षणी समजलं. चेंबर रिकामं होत आलं होतं. खालचा बोल्ट काढ आणि तेल ओत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण त्यावर तो साहजिकच विचारणार होता की मग इतके दिवस काऊन नाही सांगितलं.

"मी उठलो की येतो," मी म्हणालो. "तोवर पेट्रोलात तेल जरा जास्त टाक."

"जास्त टाकतो जी."

तापाच्या नावावर मी स्वतःला पुष्कळ गोष्टी माफ केल्या आहेत. ही नाही करता आली.

साखरपुडा जवळ आला तेव्हा इंजिन अंगणाच्या मधोमध बसलं. अर्धं अंगण कापलेलं, अर्धं घोट्याएवढं वाढलेलं. मी नुकताच हिंडूफिरू लागलो होतो. बोलावणं आलं. शेठजी खुर्ची टाकून बसले होते, मांडवाचे लोक बांबू घेऊन खोळंबले होते आणि देवाजी यंत्राजवळ उभा होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला. "आले आमचे डॉक्टर," तो म्हणाला.

मी खालचा बोल्ट काढला आणि यंत्र कलतं केलं. तेल आलं नाही. थोडा काळा चिखल आला, त्यात चमकणारा लोखंडाचा कीस. आतला दांडा धरून बसला होता.

"क्या हुआ?" शेठजींनी विचारलं.

"चेंबर सूखा है, शेठजी. बिना तेल के चला."

"बिना तेल के?" शेठजी उठून उभे राहिले. "अरे, तेल का डिब्बा तो बराबर आता है. अभी तो दूना आया. देवाजी, तेल कहाँ गया?"

"पेट्रोलमंदी टाकलो जी मालक," देवाजी सहज म्हणाला. घाबरायचं कारणच त्याच्याजवळ नव्हतं. "सारं पेट्रोलमंदीच टाकलो. मिस्त्रीले इचारा ना."

शेठजी माझ्याकडे वळले. "मिस्त्री, सच बोलो. इस मशीन के पेट्रोल में तेल पड़ता है?"

ते अंगण, ते खोळंबलेले लोक, हातातला तो चिखलानं माखलेला बोल्ट, सगळं मला दिसतं. मी म्हणालो, "नहीं, शेठजी. इसमें नहीं पड़ता."

ते उत्तर बरोबर होतं. देशातल्या कुठल्याही कारखान्यात विचारा, हेच सांगतील.

मांडववाल्यांपैकी कुणीतरी हसलं. "बाजारात गेलं असन तेल." शेठजी रागावले नाहीत, त्यापेक्षा वाईट झालं. ते थकल्यासारखे दिसले. "देवाजी, माँग लेता तो मैं दे देता. झूठ क्यों बोला?"

देवाजी माझ्याकडे बघत होता. आता हा मला पुढे ओढणार असं वाटून मी अंग आवळून उभा राहिलो. तसं त्यानं केलं असतं तर कदाचित मी कबूलही झालो असतो. तो इतकंच म्हणाला, "मिस्त्री म्हणतेत त तसंच असन जी. मलेच समजलं नसन." कानावरची विडी काढून त्यानं ती उगीच बोटांत फिरवली, परत कानावर ठेवली आणि फाटकाबाहेर गेला. उरलेलं अंगण दोघा मजुरांनी विळ्यानं कापलं.

मिस्त्रीनं एका नजरेत चोरी पकडली, असं गोंदियात झालं. माझं काम आणखी वाढलं. जवसाच्या तेलाची गोष्ट मात्र मी त्यानंतर कुणाला सांगितली नाही.

देवाजी आमगावकडे आपल्या गावी गेला आणि ठेक्यानं घेतलेल्या धानाच्या बांधीत राबू लागला. शेतात पाण्याची इंजिनं नुकती येऊ लागली होती. ती सांभाळायला माणूस लागे आणि त्याला ते काम आवडलं असतं. पण तेल विकणाऱ्याच्या हाती इंजिन कोण देणार?

पुढे काही वर्षांनी त्याच गावातलं एक इंजिन बंद पडलं म्हणून मला नेलं. धानाच्या रोवणीचे दिवस होते, पावसानं ताण दिलेला. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या काठावर पंप, भोवती चार माणसं. त्यांत देवाजी होता, पायांना चिखल. मी मान खाली घालून कामाला लागलो.

पंपाचा मालक ओरडला, "ए देवाजी, दूर राय. नाई त इंजिनातलं तेल इकून टाकशीन."

सगळे हसले. "काय भाव चालू हाये तेलाचा?" आणखी एकानं विचारलं. देवाजीही हसला. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीला माणूस जसा हसतो तसा. मग तो उठून कुठंतरी गेला. मला बरं वाटलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा लोटा होता.

"घ्या जी मिस्त्री. तुमाले तहान लय लागते." मग शेजारी उकिडवा बसून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "एक इचारू? रागावू नका. इतकी वर्सं इचार करून राहिलो, मले उमजलं नाई. त्या मशीनमंदी मी चुकलो कुठी? तेल कमी पडलं का जास्त झालं?"

मी लोटा तोंडाला लावला. तोंडाला लोटा असेपर्यंत बोलावं लागत नाही. मी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यालो. मग लोटा खाली ठेवला आणि इंजिनाचं हँडल मारलं. इंजिन लागलं. त्या आवाजात कुणालाच काही ऐकू येईना. देवाजी रिकामा लोटा उचलून बांधीकडे गेला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. तो वारल्याचं मला उशिरा कळलं.

यंदा उन्हाळ्यात एका लग्नासाठी आमगावला गेलो होतो. स्टेशनाबाहेर चहा घेताना एका साठीकडे झुकलेल्या माणसाला कुणी हाक मारली, "ओ तेलवाले!" मी वळून बघितलं. तीच उंची, कानावर तशीच अर्धी विडी. चौकशी केली तर तो देवाजीचा मुलगा टेकचंद निघाला. हाक मारणाऱ्याला विचारलं, यांना तेलवाले का म्हणतात? तो म्हणाला, "कोनाले मालूम. पह्यलेपासूनच म्हणतेत."

लग्न तसंच सोडून मी टेकचंदच्या मागे त्याच्या घरी गेलो. त्याच्या सुनेनं पाण्याचा लोटा आणून पुढे ठेवला. मी त्याला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं. स्प्रिंगा, बोल्ट, खाटेवरून दिलेला सल्ला आणि शेठजींच्या अंगणातलं ते उत्तर.

टेकचंद ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, हे मले कायले सांगून राहिले तुमी? बाबानं इकलं नाई, हे आमाले घरात पह्यलेच मालूम होतं. गावाले सांगा."

तो बोलला त्यात राग नव्हता, पण सूटही नव्हती. मग त्यानंच लोटा माझ्याकडे सरकवला. "घ्या. बाबा म्हणे, मिस्त्रीले तहान लय."

म्हणून गावाला सांगतो. आमगावच्या बाजारात, स्टेशनावर, चहाच्या टपरीवर हा अंक कुणाच्या हाती पडला तर त्यानं मोठ्यानं वाचावं. देवाजीनं तेलाचा थेंबही विकला नाही. त्याला जिथं ओतायला सांगितलं होतं, तिथंच त्यानं ते सगळं ओतलं. सांगणारा मी होतो.